प्रकाशवेगाच्या अचलतेचा वाद : लोणारच्या पाषाणापासून क्वासारच्या वर्णपटापर्यंत

१. प्रश्नाचे स्वरूप

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथील खारे सरोवर ज्या विवरात साठले आहे, त्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. विष्णूने लवणासुराचा वध केला ती ही भूमी, अशी स्थलपुराणाची श्रद्धा आहे. १८२३ साली अलेक्झांडर नामक ब्रिटिश अधिकाऱ्याने ह्या स्थळाकडे लक्ष वेधले आणि तेव्हापासून, हे ज्वालामुखीचे मुख होय की अन्य काही, ह्याविषयी भूवैज्ञानिकांत तर्क होऊ लागले. विवरातील खडकांमध्ये केवळ प्रचंड आघातानेच घडू शकणारे फेरफार आढळून आल्यामुळे १९७३ साली अशनिपाताचा पक्ष दृढ झाला. विवर कशाने झाले हा प्रश्न अशा रीतीने सुटला. ते केव्हा झाले हा प्रश्न मात्र अधिकच बिकट होऊन बसला. १९९७ साली उष्मादीप्तीच्या पद्धतीने त्याचे वय ५२,००० वर्षे (६,००० वर्षे कमी-अधिक) निघाले. २०११ साली आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून ते ५,७०,००० वर्षे (४७,००० वर्षे कमी-अधिक) निघाले. एकाच विवराच्या ह्या दोन वयांत जवळजवळ अकरा पटींचे अंतर आहे.

ह्या विसंगतीचे कारण नमुन्यांच्या इतिहासात, म्हणजे खडक किती तापला, किती झिजला, त्यात पूर्वीचा वायू किती शिल्लक राहिला, अशा गोष्टींत शोधावे लागते. परंतु ह्या निमित्ताने एक अधिक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. आर्गॉनची पद्धती पोटॅशियम-४० ह्या किरणोत्सर्गी समस्थानिकाच्या क्षयावर आधारलेली आहे. त्याचे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे आहे, असे आजच्या प्रयोगशाळांतील मापनांवरून ठरते. परंतु हे मापन फार तर गेल्या शतकातले आहे. लोणारवर अशनी कोसळला तेव्हाही हे घड्याळ आजच्याच गतीने चालत होते, असे धरून चालण्यास आधार कोणता? क्षयाचा वेग केंद्रकातील बलांवर आणि विद्युत्-बलाच्या तीव्रतेवर अवलंबून असतो. ती तीव्रता काही मूलभूत स्थिरांकांनी ठरते आणि प्रकाशाचा वेग हा त्या स्थिरांकांपैकी एक आहे. स्थिरांकच जर कालानुसार बदलत असतील, तर खडकांची वये, ताऱ्यांचे आयुर्मान, दूरच्या दीर्घिकांची अंतरे हे सर्व पुन्हा नव्याने मोजावे लागेल. निसर्गाचा भूतकाळ वाचण्याची जी लिपी विज्ञानाने सिद्ध केली, तिची अक्षरेच अस्थिर आहेत असे ठरेल.

म्हणून प्रकाशवेगाच्या अचलतेवर घेतले गेलेले आक्षेप केवळ विक्षिप्त कल्पना म्हणून बाजूस सारणे योग्य नाही. त्या आक्षेपांचा इतिहास, त्यांतील तथ्यांश, आणि महाराष्ट्रात, विशेषतः पुणे येथे, त्यांच्या ज्या कसोट्या घेतल्या गेल्या त्यांचे महत्त्व, ह्यांचा विचार येथे कर्तव्य आहे.

२. मापनाचा इतिहास आणि एक बोधप्रद चूक

प्रकाशास प्रवासासाठी काळ लागतो हे प्रथम १६७६ साली ओले रोमर ह्या डॅनिश ज्योतिर्विदाने दाखविले. गुरूच्या आयो ह्या उपग्रहाची ग्रहणे, पृथ्वी गुरूपासून दूर जात असता अपेक्षित वेळेपेक्षा उशिरा आणि जवळ येत असता लवकर होतात, ह्यावरून त्याने हा निष्कर्ष काढला. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडण्यास प्रकाशाला २२ मिनिटे लागतात असा त्याचा अंदाज होता. वस्तुतः तो काळ सतरा मिनिटांहून थोडा कमी आहे. पुढे १८४९ साली फिझोने दातेरी चक्राच्या साहाय्याने पृथ्वीवरच हा वेग मोजला. १८८७ च्या मायकेल्सन व मॉर्ले ह्यांच्या प्रयोगाने पृथ्वीच्या गतीचा प्रकाशवेगावर काहीच परिणाम आढळत नाही असे दाखविले, आणि १९०५ साली आइन्स्टाइनने ही अचलता आपल्या विशिष्ट सापेक्षता सिद्धान्ताचे एक गृहीतक म्हणून स्वीकारली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. स्वतः आइन्स्टाइननेच १९११ साली, गुरुत्वाकर्षणाच्या क्षेत्रात प्रकाशवेग स्थानपरत्वे बदलतो, अशी कल्पना मांडून तिचा विस्तार केला होता. १९१५ च्या व्यापक सापेक्षता सिद्धान्तात ती निराळ्या रूपात विलीन झाली. तेथे प्रत्येक निरीक्षकाला आपल्या लगतच्या प्रदेशात तोच वेग आढळतो. प्रकाशवेगाची अचलता ही कोणी उच्चारलेली अपौरुषेय आज्ञा नसून, प्रयोगांनी आणि सुसंगत उपपत्तीने हळूहळू दृढ होत गेलेली गोष्ट आहे. तिच्यावर शंका घेण्याचा अधिकार विज्ञानात कधीही नाकारला गेला नाही.

अशी शंका प्रथम मापनांच्या आकड्यांवरूनच निघाली. मायकेल्सनने १९२६ साली प्रकाशवेग सेकंदाला २,९९,७९६ किलोमीटर असा काढला होता. त्यानंतरच्या दशकात निरनिराळ्या पद्धतींनी मिळालेली मूल्ये मात्र २,९९,७७५ च्या आसपास येऊ लागली. गेरी द ब्रे ह्याने १९३० च्या दशकात 'नेचर' ह्या नियतकालिकात जुनी-नवी मापने एकत्र मांडून, प्रकाशवेग खरोखरच घटत आहे, असा पक्ष मांडला. स्थिरांकांचे चिकित्सक अभ्यासक रेमंड बर्ज ह्यांनी तो अमान्य केला; परंतु १९४१ साली त्यांनी स्वतः सर्व मापनांचा मेळ घालून जे मूल्य शिफारसिले ते २,९९,७७६ हे होते, आणि त्यातील चूक चार किलोमीटरांहून अधिक नसावी असे त्यांचे मत होते. महायुद्धानंतर एसेन ह्यांनी सूक्ष्मतरंगांच्या पोकळीतील अनुनादावरून १९५० साली २,९९,७९२.५ हे मूल्य मिळविले. बर्ज ह्यांचा आकडा अशा रीतीने सोळा किलोमीटरांनी, म्हणजे त्यांनी सांगितलेल्या मर्यादेच्या चौपट, चुकलेला ठरला.

प्रकाश मंदावला नव्हता आणि पुढे पुन्हा वेगावलाही नव्हता. अनेक प्रयोगशाळांतील मापने परस्परांशी जुळत होती, पण ती सर्व मिळून सत्यापासून दूर होती. एकमेकांशी जुळणे हे बिनचूकपणाचे प्रमाण नव्हे, आणि उपकरणात दडलेला दोष हा निसर्गातील बदलासारखा भासू शकतो, हा त्या प्रकरणाचा बोध होय. साठ वर्षांनंतर क्वासारांच्या वर्णपटांवरून जो वाद माजला, त्यात हाच बोध पुन्हा उपयोगी पडावयाचा होता.

३. डिरॅकपासून हॉइल-नारळीकरांपर्यंत

मापनांच्या ह्या वादाशी समांतर असा एक तात्त्विक वाद १९३७ साली पॉल डिरॅक ह्यांनी सुरू केला. इलेक्ट्रॉन व प्रोटॉन ह्यांच्यामधील विद्युत्-आकर्षण हे त्यांच्यातील गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १० च्या ३९ व्या घाताइतके पट अधिक आहे. विश्वाचे वय अणूच्या नैसर्गिक कालमानात मोजले असता तेही जवळजवळ त्याच श्रेणीचे येते. ही दोन प्रचंड गुणोत्तरे योगायोगाने सारखी नसावीत, असे मानल्यास विश्वाचे वय वाढते तसे गुरुत्वाकर्षण क्षीण होत गेले पाहिजे, असे डिरॅक ह्यांचे अनुमान होते. १९४८ साली एडवर्ड टेलर ह्यांनी ह्यावर मार्मिक आक्षेप घेतला. गुरुत्वाकर्षण पूर्वी प्रबळ असते तर सूर्य अधिक तळपला असता आणि ज्या काळी सागरांत जीव नांदत होते हे जीवाश्मांवरून निश्चित आहे, त्या काळी सागरच उकळून गेले असते. हा आक्षेप टाळण्यासाठी १९६७ साली गॅमो ह्यांनी गुरुत्वाकर्षणाऐवजी इलेक्ट्रॉनचा विद्युत्-भार वाढत आहे असे सुचविले. परंतु त्याच वर्षी दूरच्या रेडिओ दीर्घिकांच्या वर्णरेषांवरून आणि ऱ्हेनियम-१८७ च्या मंद क्षयावरून ही सूचनाही टिकत नाही असे दाखविण्यात आले. खडकांतील किरणोत्सर्गाची साक्ष ह्या वेळी अशा वादात काढण्यात आली.

ह्या विचारधारेत मराठी नावाचा प्रवेश होतो तो १९६४ साली. जयंत विष्णु नारळीकर ह्यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूर येथे झाला. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक असून सापेक्षता सिद्धान्ताच्या अध्ययनाची भारतातील एक प्रमुख परंपरा त्यांनी तेथे निर्माण केली. जयंतराव १९५७ साली केंब्रिजला गेले व फ्रेड हॉइल ह्यांचे शिष्य झाले. विश्वास आरंभ नाही, असे मानणाऱ्या स्थिर-स्थिती सिद्धान्ताचे हॉइल हे एक प्रणेते होते. गुरुशिष्यांनी १९६४ साली गुरुत्वाकर्षणाची जी नवी उपपत्ती मांडली, तिचे बीज माख ह्यांच्या कल्पनेत होते. कोणत्याही कणाचे जडत्व हा त्याचा स्वतःचा अंगभूत गुण नसून विश्वातील इतर सर्व कणांच्या अस्तित्वामुळे तो त्याला प्राप्त होतो, ही ती कल्पना.

ह्यातून निघणारा निष्कर्ष मोठा विलक्षण आहे. कणाचे वस्तुमान इतर कणांवर अवलंबून असेल तर ते कालानुसार बदलू शकते. पुढे १९७० च्या दशकात विकसित झालेल्या ह्या उपपत्तीच्या एका रूपात अवकाश मुळीच प्रसरण पावत नाही. मात्र कणांची वस्तुमाने काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातात. अणूने उत्सर्जित केलेल्या प्रकाशाची तरंगलांबी इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. दूरच्या दीर्घिकेतून आज येणारा प्रकाश फार पूर्वी निघालेला असतो. तेव्हा इलेक्ट्रॉन हलका होता, म्हणून तो प्रकाश मुळातच अधिक तांबडा निघाला. जी ताम्रसृती इतर शास्त्रज्ञ अवकाशाच्या प्रसरणाने समजावून देतात, ती येथे वस्तुमानाच्या वाढीने समजावून दिली जाते, आणि प्रकाशाचा वेग मात्र अचल राहतो.

हॉइल-नारळीकर उपपत्तीने प्रकाशवेगास हात घातला नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तथापि प्रकाशवेगाच्या वादास आवश्यक असलेली एक दृष्टी तिने दिली. वस्तुमान स्थिर धरून अवकाश वाढत आहे असे म्हणा, किंवा अवकाश स्थिर धरून वस्तुमान वाढत आहे असे म्हणा. मोजमापाची एकके बदलली की एक वर्णन दुसऱ्यात रूपांतरित होते. ज्या राशीला एकक लागते, तिच्यातील बदल हा निसर्गातील बदल आहे की मोजपट्टीतील, हे केवळ त्या राशीकडे पाहून सांगता येत नाही. ह्या विचाराचे महत्त्व पुढे कळून येईल.

४. बदलत्या प्रकाशवेगाची विश्वरचना

विश्वव्यापी सूक्ष्मतरंग प्रारणाचा शोध १९६५ साली प्रसिद्ध झाल्यावर महास्फोटाचा सिद्धान्त सर्वमान्य होत गेला. परंतु त्यासोबत एक कोडेही आले. हे प्रारण विश्वाच्या वयाच्या सुमारे ३,८०,००० व्या वर्षी मुक्त झाले. तोपर्यंत प्रकाश जितके अंतर कापू शकला असता, ते आजच्या आकाशात सुमारे एक-दोन अंशांत मावते. त्याहून अधिक अंतरावरील प्रदेशांचा परस्परांशी संपर्क येणे साध्या प्रसरणाच्या हिशेबाने शक्य नव्हते. तरीही सर्व दिशांनी येणाऱ्या प्रारणाचे तापमान जवळजवळ एकच आहे. फरक आढळतो तो लाखात एखाद्या भागाचा. ज्यांची कधी गाठच पडली नाही त्यांच्यात इतके एकमत कसे झाले, ही 'क्षितिज समस्या' होय.

ह्या कोड्याचे प्रचलित उत्तर १९८१ साली ॲलन गथ ह्यांनी दिलेल्या स्फीतीच्या कल्पनेत आहे. विश्व अगदी बाल्यावस्थेत असताना क्षणमात्र कल्पनातीत वेगाने फुगले आणि पूर्वी एकत्र असलेले प्रदेश दूर फेकले गेले, असे ही कल्पना सांगते. दुसरे उत्तर टोरांटो येथील जॉन मॉफट ह्यांनी १९९३ साली सुचविले आणि १९९९ साली आंद्रेआस आल्ब्रेख्त व झुआंव मागेझू ह्यांनी त्याच मार्गाने स्वतंत्रपणे मांडले. अवकाश फुगला नाही, तर त्या आरंभीच्या काळात प्रकाशच आजच्याहून कित्येक पटींनी वेगवान होता आणि म्हणून दूरचे प्रदेशही परस्परांच्या संपर्कात होते, हे ते उत्तर. जॉन बॅरो ह्यांनीही ह्या कल्पनेचा विस्तार केला.

ही कल्पना धाडसी असली तरी बेजबाबदार नव्हती. २०१६ साली निआयेश अफशोर्दी आणि मागेझू ह्यांनी तिच्या एका सुधारित रूपावरून, आद्य विश्वातील घनतेच्या चढउतारांचे लक्षण दर्शविणारा वर्णपटीय निर्देशांक ०.९६४७८ असावा, असे भाकीत केले. प्लांक उपग्रहाच्या निरीक्षणांवरून २०१८ साली काढलेले मूल्य ०.९६४९ असून त्यातील अनिश्चितता ०.००४२ आहे. भाकीत खोटे ठरले नाही, एवढे त्याचे श्रेय निश्चित. परंतु ह्याच मर्यादेत बसणारे स्फीतीचेही अनेक प्रकार असल्यामुळे केवळ ह्यावरून निर्णय होत नाही.

खरा आक्षेप वेगळाच होता. १९८३ पासून मीटरची व्याख्याच, प्रकाश निर्वातात सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जितके अंतर कापतो ते, अशी केली गेली आहे. ह्या व्याख्येनुसार प्रकाशवेगात बदल आढळणे तर्कतःच अशक्य आहे; बदल झालाच तर तो मीटरच्या लांबीत झाला असे म्हणावे लागेल. जॉर्ज एलिस व झां-फिलिप उझां ह्यांनी २००५ साली दाखवून दिले की, प्रकाशवेग हे अक्षर समीकरणांत निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या अर्थांनी येते. कोठे ते विद्युच्चुंबकीय तरंगांचा वेग असते, कोठे अवकाश व काल ह्यांना जोडणारा गुणक, तर कोठे गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणातील जोडसांधा. ह्यांपैकी नेमके काय बदलते हे सांगितल्यावाचून 'प्रकाशवेग बदलतो' हे विधान अपुरे राहते.

हॉइल-नारळीकर उपपत्तीच्या संदर्भात जो विचार वर आला, तोच येथे लागू होतो. बदल खरा ठरवावयाचा तर ज्याला एककच नाही अशी राशी निवडली पाहिजे. अशी राशी म्हणजे सूक्ष्मरचना स्थिरांक. इलेक्ट्रॉनच्या भाराचा वर्ग, प्लांकचा स्थिरांक आणि प्रकाशवेग ह्यांच्यापासून बनणारी ही शुद्ध संख्या सुमारे १३७.०३६ च्या व्यस्ताइतकी आहे. ती सोमरफेल्ड ह्यांनी १९१६ साली भौतिकीत आणली. प्रकाशवेग तिच्या छेदस्थानी आहे. म्हणून इतर दोन राशी अचल मानल्या, तर पूर्वीचा प्रकाश अधिक वेगवान असल्यास ही संख्या पूर्वी लहान असली पाहिजे. प्रश्न आता कल्पनेच्या प्रांतातून दुर्बिणीच्या प्रांतात आला.

५. क्वासारांचा पुरावा आणि पुण्यातील दोन कसोट्या

दूरच्या क्वासारांचा प्रकाश आपल्याकडे येताना वाटेतील वायुमेघांतून जातो, आणि त्या मेघांतील मॅग्नेशियम, लोह इत्यादी मूलद्रव्यांचे अणू आपापल्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतात. त्यामुळे वर्णपटात काळ्या शोषणरेषा उमटतात. सूक्ष्मरचना स्थिरांक निराळा असता तर ह्या रेषा सर्वच्या सर्व सारख्या प्रमाणात न सरकता, कोणी अधिक, कोणी कमी सरकल्या असत्या. प्रसरणाने होणारी ताम्रसृती सर्व रेषांना समान असते. म्हणून हा असमान भाग वेगळा काढता येतो. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जॉन वेब, व्हिक्टर फ्लाम्बाउम आणि त्यांचे सहकारी ह्यांनी हवाई बेटांवरील केक दुर्बिणीच्या वर्णपटांवर ही रीत वापरली आणि १९९९ साली, स्थिरांक पूर्वी किंचित लहान होता, असा निष्कर्ष जाहीर केला. २००४ पर्यंत त्यांनी १४३ मेघांचा अभ्यास केला होता आणि फरक दहा लाखांत सुमारे सहा भाग, असा त्यांचा आकडा होता. त्याची दिशा बदलत्या प्रकाशवेगाच्या पुरस्कर्त्यांना अनुकूल होती. २००२ साली पॉल डेव्हिस प्रभृतींनी कृष्णविवरांच्या उष्मागतिकीवरून, हा बदल विद्युत्-भाराचा नसून प्रकाशवेगाचा असावा, असा युक्तिवादही केला. त्यावर, एकक असलेल्या राशींत अशी निवड करणेच अर्थहीन आहे, असे उत्तर मायकेल डफ ह्यांनी दिले.

ह्या वादात पुण्याचा प्रवेश २००४ साली झाला. नारळीकर १९७२ साली भारतात परतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले होते, आणि १९८८ साली पुणे येथे स्थापन झालेल्या आंतर-विद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्राचे, म्हणजे आयुकाचे, ते संस्थापक-संचालक झाले. ह्या केंद्रातील रघुनाथन श्रीआनंद व हुम चंद ह्यांनी फ्रेंच ज्योतिर्विद पात्रिक पतिजां व बास्तियें आरासिल ह्यांच्यासमवेत चिलीतील ८.२ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने घेतलेल्या वर्णपटांची तपासणी केली. ज्या रेषा दाट, गुंतागुंतीच्या अथवा अतिसंपृक्त होत्या त्या त्यांनी कटाक्षाने वगळल्या आणि २३ मेघ निवडले. त्यांच्या मते बदल दहा लाखांत ०.६ भाग, अनिश्चितताही तितकीच. म्हणजे बदल नाही असेच म्हणावयाचे.

वाद येथे संपला नाही. मायकेल मर्फी, वेब व फ्लाम्बाउम ह्यांनी पुण्याच्या गटाने रेषा जुळविण्यासाठी वापरलेल्या गणिती पद्धतीत दोष दाखविला, आणि त्याच सामग्रीवरून स्वतः जी मूल्ये काढली त्यांत अनिश्चितता पुष्कळ वाढली. हा आक्षेप निराधार नव्हता. पुण्याच्या गटाने त्याला उत्तर दिले, तरी २००४ च्या निष्कर्षाइतकी काटेकोर मर्यादा त्या सामग्रीतून निघते असे पुढे सर्वमान्य राहिले नाही. २०१० च्या सुमारास वेब प्रभृतींनी, चिलीतील सामग्रीत फरकाची दिशाच उलटी दिसते, म्हणून स्थिरांक आकाशाच्या एका दिशेस कमी व दुसऱ्या दिशेस अधिक असावा, असा नवा दावा केला. उत्तर व दक्षिण गोलार्धांतील दोन दुर्बिणी दोन भिन्न उत्तरे देत होत्या. दोष आकाशात आहे की दुर्बिणीत, हा प्रश्न अटळ होता. २०१५ साली जोनाथन व्हिटमोर आणि मर्फी ह्यांनी दोन्ही दुर्बिणींच्या वर्णपटमापकांतील तरंगलांबीच्या मापनात दूरवर पसरलेली विकृती असल्याचे दाखविले, आणि जुन्या फरकांचा बराच मोठा भाग त्यातून निघू शकतो असे सांगितले. मर्फी हे मूळ दाव्याच्या गटातीलच एक प्रमुख संशोधक होते, ही गोष्ट विशेष उल्लेखनीय आहे. त्यांच्याच पुढाकाराने एस्प्रेसो ह्या अत्यंत स्थिर वर्णपटमापकावर घेतलेल्या एका क्वासारच्या मापनात, २०२२ साली, फरक दहा लाखांत १.३ भाग आणि अनिश्चितताही १.३ भाग, असे आढळले. बर्ज ह्यांच्या काळचा धडा अशा रीतीने पुन्हा एकदा गिरविला गेला.

दुसरी कसोटी रेडिओ तरंगांची आहे, आणि तीही पुण्यातील शास्त्रज्ञांनीच घेतली. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील निस्सीम काणेकर व जयराम चेंगलूर ह्यांनी हायड्रॉक्सिल ह्या रेणूच्या १८ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेषांचा उपयोग करावयाचे ठरविले. दृश्य प्रकाशाच्या पद्धतीत एक मोठी अडचण अशी की, दोन निरनिराळ्या रेषा एकाच वायूतून निघाल्या की शेजारच्या, वेगळ्या गतीने जाणाऱ्या वायूतून, हे निश्चित सांगता येत नाही. हायड्रॉक्सिलच्या १६१२ व १७२० मेगाहर्ट्झच्या दोन उपरेषा मात्र काही ठिकाणी परस्परांच्या प्रतिबिंबासारख्या आढळतात. एक जितकी शोषली जाते, दुसरी तितकीच उत्सर्जित होते. दोहोंची बेरीज शून्य आली की त्या एकाच वायूतल्या आहेत, ह्याचा पडताळा आपोआप मिळतो. पीकेएस १४१३+१३५ ह्या स्रोताच्या दिशेने, सुमारे २९० कोटी वर्षांपूर्वीच्या वायूत, अशी जोडी त्यांना सापडली.

२०१० साली काणेकर, चेंगलूर आणि अरेसिबो येथील तापसी घोष ह्यांनी वेस्टरबोर्क व अरेसिबो येथील दुर्बिणींची निरीक्षणे प्रसिद्ध केली. तीत बदलाची एक अंधुक खूण दिसत होती. ती केवळ योगायोगाची असण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी होती. अनेकांस येथेच शोधाची घोषणा करण्याचा मोह झाला असता. त्यांनी ती खूण आहे एवढेच नमूद केले व अधिक निरीक्षणे आवश्यक ठरविली. अरेसिबोच्या प्रचंड दुर्बिणीने त्याच स्रोताचे पुढे दीर्घकाळ निरीक्षण करण्यात आले. २०१८ साली जो निष्कर्ष आला, त्यात प्रोटॉन व इलेक्ट्रॉन ह्यांच्या वस्तुमानांचे गुणोत्तर आणि सूक्ष्मरचना स्थिरांकाचा वर्ग ह्यांच्या गुणाकारातील फरक दहा लाखांत उणे एक भाग, आणि अनिश्चितता १.३ भाग, असा होता. पूर्वीची खूण नाहीशी झाली होती. ज्यांनी ती प्रथम पाहिली, त्यांनीच ती खोडून काढली. अरेसिबोची ती दुर्बीण डिसेंबर २०२० मध्ये कोसळली. त्यामुळे ह्या निरीक्षणांची त्याच साधनाने पुनरावृत्ती होणे आता शक्य नाही.

६. समारोप

आकाशाच्या साक्षीला भूमीची साक्षही जोडता येते. आफ्रिकेतील गॅबन देशात ओक्लो येथे सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी युरेनियमच्या खाणीत निसर्गतःच अणुभट्टी चालू झाली होती. तिच्यातील समॅरियमच्या समस्थानिकांचे उरलेले प्रमाण तेव्हाच्या केंद्रकीय क्रियांविषयी सांगते. अलेक्झांडर श्ल्याख्टर ह्यांनी १९७६ साली ह्या पुराव्याचे महत्त्व ओळखले, आणि तिबो दामूर व फ्रीमन डायसन ह्यांनी १९९६ साली त्यावरून, सूक्ष्मरचना स्थिरांक त्या काळापासून एक कोटीत सुमारे एका भागाहून अधिक बदललेला नाही, असे दाखविले. प्रयोगशाळेतील ॲल्युमिनियम व पाऱ्याच्या आयनांच्या घड्याळांची २००८ साली जी तुलना झाली, तीवरून आजचा वार्षिक बदल, एकावर सतरा शून्ये मांडून होणाऱ्या संख्येत, दोन-चार भागांहून अधिक असू शकत नाही.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. लोणारचा अशनिपात आर्गॉनच्या मापनानुसार साडेपाच लाख वर्षांपूर्वीचा. ओक्लोची भट्टी त्याहून हजारो पटींनी जुनी. त्या दीर्घ काळात जो स्थिरांक कोटीत एका भागाइतकाही ढळला नाही, तो लोणारच्या काळात अकरा पटींची विसंगती उत्पन्न करील, हे संभवत नाही. बुलढाण्याच्या त्या बसाल्ट खडकातील घड्याळाची गती विश्वसनीय आहे. मतभेद आहे तो ते केव्हा चालू झाले हे वाचण्याच्या रीतीत. त्याचा उलगडा निसर्गनियमांवर संशय घेऊन नव्हे, तर अधिक काळजीपूर्वक निवडलेल्या नमुन्यांनीच होईल.

तथापि ह्यावरून आक्षेप घेणारे चुकले आणि प्रचलित मत जिंकले, एवढाच निष्कर्ष काढणे संकुचितपणाचे ठरेल. वरील सर्व मर्यादा विश्वाच्या गेल्या काही अब्ज वर्षांच्या आहेत. पहिल्या क्षणाच्या अंशमात्रात प्रकाशाने काय केले, ह्याविषयी त्या काहीच सांगत नाहीत. तेथे आल्ब्रेख्त-मागेझूंची कल्पना आणि स्फीतीची कल्पना ह्या दोन्ही अद्याप कसोटीची वाट पाहत आहेत. शिवाय स्थिरांक स्थिर आहेत ही गोष्ट आज गृहीतक न राहता, दहा लाखांत एका भागापर्यंत मोजलेले तथ्य झाली आहे, ती ह्या आक्षेपांमुळेच. कोणी शंकाच घेतली नसती, तर हे मोजण्याचे कष्ट कोणी घेतले नसते.

ह्या दृष्टीने नारळीकरांचे उदाहरण चिंतनीय आहे. २० मे २०२५ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले, तोपर्यंत महास्फोटाच्या प्रचलित सिद्धान्ताविषयीचे आपले मतभेद त्यांनी कधी लपविले नव्हते. बहुमतापासून दूर राहिलेल्या ह्या शास्त्रज्ञाने उभारलेल्या केंद्रातून, बहुमताविरुद्धचा एक महत्त्वाचा दावा पारखून घेतला गेला. आणि त्या पारखणीतील उणीव दाखविण्याचा अधिकार दावा करणाऱ्यांनीही बजावला. मत कोणाचे आहे ह्यापेक्षा मापन कसे केले आहे ह्याला जेथे अधिक किंमत दिली जाते, तेथेच अशा वादांतून ज्ञान निष्पन्न होते. प्रकाशवेगाच्या अचलतेविषयीचा विश्वास आज पूर्वीहून अधिक बळकट आहे, तो अशा पारखण्या वारंवार होत आल्यामुळे.